शेवटचं पाणी

आमच्या घरात आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी सासरे, मग नवरा, ओसाकाला नोकरीला जाईपर्यंत मुलगा, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. टब एकच, पाणीही एकच. बाहेर साबणाने अंग घासून धुवायचं आणि मगच टबात शेकायला उतरायचं, त्यामुळे पाणी तसं स्वच्छच राहतं. तरी माझ्या वाट्याला यायचं ते कोमट, आणि त्यात कोणाचा ना कोणाचा केस. शेवटी बूच काढायचं, टब घासायचा, हेही माझ्याचकडे. लग्न होऊन तोयामात आले तेव्हापासून असंच चाललंय. तक्रार कोणाकडे करणार? सासूबाईंनीही त्यांच्या काळी हेच केलं होतं.

रेत्नो आली ती शरदात. जावा बेटावरची मुलगी, इथल्या कॉलेजात वर्षभर शिकायला आणि आमच्याकडे राहायला. पाहुणी म्हणून पहिल्या पाण्याचा मान तिचा. पहिल्या संध्याकाळी ती न्हाऊन आली, कमरेत वाकून म्हणाली, "आजोबा, पाणी फार छान होतं." सासरे खांद्यावर पंचा टाकून आत गेले आणि तसेच कोरडे बाहेर आले.

"किमिए," ते मला म्हणाले, "आपला टब आटला."

टब रिकामा, घासून लख्ख, बूच साखळीला लटकवलेलं. आमचा गॅस जुना. टब पुन्हा भरून तापेपर्यंत सासऱ्यांची झोपायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

पोरीच्या बाकी चुका काय कमी होत्या? संडासातल्या सपाता घालून ती थेट जेवणाच्या खोलीत आली, तेव्हा सासरे पोट धरून हसले. "अगं, त्यांना सोड तिथेच, जेवायला कशाला आणलंस!" भलत्याच दिवशी कचरा ठेवला, तर शेजारच्या नोमुराबाईंनी पिशवी परत आमच्या दारात आणून ठेवली. हे सगळं तिला तोंडावर सांगता आलं. पण अंगाला लागलेल्या पाण्याबद्दल कसं बोलायचं? मुलगी परक्या मुलखातली, भलताच अर्थ काढायची. नवरा म्हणाला, "तूच सांग." सासरे म्हणाले, "बायकांचं बायकांनी बघावं." आलं ते माझ्याच गळ्यात.

मग मी आडून सुचवलं. "रेत्नो, टब किती स्वच्छ करतेस गं! एवढा लख्ख तर आम्ही कधी पाहिलाच नव्हता." आमच्याकडे एवढं पुरतं. नोमुराबाईंना असं कोणी म्हटलं असतं तर आठवडाभर त्यांना झोप आली नसती. रेत्नोचा चेहरा मात्र फुलला. दुसऱ्या दिवसापासून ती न्हाणीघराची फरशीही घासायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी!

त्यानंतर मी विषय काढला नाही, आणि त्याचं खरं कारण वेगळंच होतं. सासरे वैतागून कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायला लागले. नवरा सकाळी शॉवर उरकू लागला. पुन्हा भरलेला तो टब राहायचा माझ्या एकटीला. कढत, नितळ, गळ्यापर्यंत पाणी. बोटांना सुरकुत्या पडेस्तोवर मी त्यात बसून राहायचे. ते सुख मला सोडवेना, म्हणून मूग गिळून बसले.

जानेवारीत बर्फ पडला. न्हाणीघरातून परतताना सासरे वळणावर घसरले. हाड वाचलं, पण मनगट चांगलंच सुजलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ते टीव्हीसमोर बसले, आणि रेत्नो जेवण सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुळा किसत होते. ती जवळ येऊन उभी राहिली.

"आई, मी वसतिगृहात जाते. जागा आहे का ते विचारून आले."

"का गं? कोणी काही बोललं का?"

"कोणीच काही बोलत नाही. पण मी आल्यापासून आजोबा घरी न्हात नाहीत. मी बसते त्या टबात त्यांना बसवत नाही, एवढं मला कळतं. मला राग नाही. पण माझ्यापायी ते पुन्हा पडायला नकोत."

मला इतकी लाज वाटली की मुळा हातातून निसटला.

"अगं वेडे, तू बूच काढतेस म्हणून! पाणीच नसतं टबात, ते बसणार कशात?"

ती म्हणाली, "आमच्याकडे न्हाणीत हौद असतो. तांब्याने पाणी घ्यायचं, आत कोणी उतरायचं नाही. भावाने एकदा नुसता पाय बुडवला, तर आईने त्याला तांब्यानेच बडवलं आणि हौद रिकामा केला. इथे कॉलेजात सांगितलं, टबात उतरायचंच. उतरले. पण माझ्या अंगाचं पाणी आजोबांसाठी कसं ठेवायचं?"

"तेच ठेवायचं असतं, बाई."

"मग इतके महिने सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! टब लख्ख करतेस म्हणाले ना?"

"ते कौतुक नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं. आणि मग राहवेना म्हणून उरलेलंही सांगून टाकलं, माझ्या त्या नितळ पाण्याचं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"म्हणजे एरवी तुम्ही रोज शेवटी?" तिने विचारलं.

"सुनेचा नंबर तोच असतो," मी म्हटलं आणि मुळा उचलून धुवायला घेतला.

त्या संध्याकाळी ती न्हाऊन आली आणि बोळातच भिंतीला टेकून उभी राहिली. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, आज टबात पाणी आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पट्टीचा हात सांभाळत आत गेले. बराच वेळ काही ऐकू येईना. रेत्नोने माझी बाही घट्ट धरली होती. मग पाणी काठावरून सांडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक लांबलचक "हाऽऽश!"

"किमिए!" आतून हाक आली. "गॅस वाढव जरा. जावाच्या लोकांना कोमटच चालतं वाटतं!"

रेत्नो हसता हसता रडायला लागली. वसतिगृहाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

सगळं पूर्वीसारखं झालं. मी पुन्हा शेवटी, पाणी पुन्हा कोमट. मग एका संध्याकाळी सासरे म्हणाले, "चल रेत्नो, पाणी तापलंय," तर ती जागची हलेना.

"आजोबा, मी अजून पाहुणी आहे का?"

"म्हणजे?"

"नसेन तर मी शेवटी जाईन. बूच काढायची मला सवय आहे."

नवरा बशीत डोकं घालून हसू दाबत होता. सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "शेवटी जा. पण टब नीट घास. आमच्याकडे एकीने फार लख्ख घासायची सवय लावून ठेवलीय."

त्या रात्री माझ्या वाट्याला पाणी आलं ते रोजच्यासारखंच, दोघांनंतरचं. पण मला त्यात फार वेळ बसवेना. या घरात आल्यापासून माझ्यानंतर त्या पाण्यात कधी कोणी उतरलंच नव्हतं. मी उठले, तरंगणारा एक केस ओंजळीने काढून टाकला, टबावर झाकण घातलं, आणि अंग पुसायच्या आधीच हाक मारली, "रेत्नो, ये गं लवकर. गरम आहे अजून."