वन्संनी नावं ठेवली नाहीत

रोजा धरून नझीहा सकाळी चुलीपाशी उभी राहिली ती ऊन कललं तरी उभीच होती. दहा किलो कांदा मंद आचेवर तेलात शिजवायचा, मग उकडून गाळलेल्या मनुकांचा रस, दालचिनी, लवंग, वाळक्या गुलाबकळ्या. ट्युनिशियातल्या स्फाक्समध्ये ईदच्या सकाळी खाऱ्या माशाबरोबर हा कांदा-मनुकांचा शरमूला नसेल तर ती ईद कसली! नवऱ्याच्या, मुन्सिफच्या घराण्यात तो तीस वर्षं नझीहाच करायची. रोजात चाखायचं नाही, वासावरून ओळखायचं, ही सासूची शिस्त.

पण वास येतोय कुठं? दोन वर्षांपूर्वीच्या तापात वास गेला, चवही गेली. तिनं नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नव्हतं. कळलं की शरमूल्याचा डाव हातातून जाणार, आणि मग या घरात आपण कोण? अंदाजानं ढवळायचं नि देवावर हवाला ठेवायचा. मनुकांनी रंग मूळचाच काळपट, तोही मेला काही सांगत नाही. पायांचे तर तुकडे पडले होते.

ईदला सगळे जमले. धास्ती एकाच बाईची, मुन्सिफच्या थोरल्या बहिणीची. जलीलानं आजवर हा शरमूला नावं न ठेवता खाल्ला नव्हता. लवंग उग्र, मनुका कचकचते, एक ना दोन. गेल्या वर्षी ती लेकीकडे होती म्हणून निभावलं.

जलीलानं पाव बुडवून खाल्ला. "छान झालाय," म्हणाली, आणि पाण्याचा पेला उचलला.

वन्सं आणि नावं ठेवत नाहीत? बाकीचे माना खाली घालून जेवत होते.

"वन्सं, काय बिघडलंय ते सांगा. यांच्यातलं कुणी सांगायचं नाही."

"कांदा करपलाय गं. पार कडू झालाय. तुला वास कसा नाही आला?"

थोडासा लागलाय इतकंच, असं म्हणत मुन्सिफनं घाईघाईनं आणखी वाढून घेतलं. नझीहाला त्याचा भयंकर राग आला. गेल्या वर्षीही असाच होता का, तिनं विचारलं. त्यानं पावाचा आणखी एक तुकडा बुडवला.

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "मला वासच येत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही करा, वन्सं."

कुणीतरी म्हणेल, काहीतरीच काय बोलतेस, म्हणून ती थांबली. 

"बरं," जलीला म्हणाली. "मी करीन."