हिरवा दिवा

उदयसिंहनं साठवणपेटीची वायर उपसून परत खोचली, लॅपटॉपवर यादी उघडली आणि पहिलं गाणं लावलं. काहीच वाजलं नाही. दुसरं लावलं, तिसरं लावलं. आण्णांनी हौसेनं घातलेली गाण्यांची नावं एकूणएक जागेवर होती. आत मात्र टिपूस नव्हता.

खाटेवरून आक्का बघत होती. आण्णांची ही थोरली बहीण, म्हणजे उदयसिंहची आत्ती. त्याची आई गेली तेव्हा शाहूवाडीची भातशेती दिरांवर टाकून ती कोल्हापुरात आली आणि पोराला तिनंच वाढवलं. रोप लावताना म्हणायची गाणी तिच्याकडं पोत्यानं होती. गेल्या दिवाळीनंतर तिच्या अंगावरनं वारं गेलं आणि वाचा बसली. एवढा मोठा गळा, पण मागं उरला एकच शब्द. भूक लागली, व्हय. पाठ दुखतीया, व्हय. नको असलं तरी व्हय. नशीब म्हणायचं, आण्णांनी आधीच ती गाणी तिच्याच आवाजात मोबाइलवर भरून ठेवली होती. रोज सकाळी ती लावली की आक्काचा धड राहिलेला हात पांघरुणावर ताल धरायचा.

मोबाइल भरत आला, म्हणून उदयसिंहनं आपल्या कंपनीची ही साठवणपेटी आणून दिली होती. ह्यातलं काम माझंच हाय, असं छाती फुगवून सांगितलंही होतं.

आण्णांनी काय केलं ते पुन्हा एकदा सांगितलं. गाणी पेटीत घातली. पडद्यावर ‘पूर्ण’ असं आलं, हिरवा दिवा लागला. मग मोबाइलमधली गाणी पुसली, त्यातली कचरापेटीसुद्धा रिकामी केली, आणि उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. हयातभर मास्तरकी केलेला माणूस. काम झालं की बटण बंद, हा घरचा कायदाच होता. पंखा चालू ठेवून खेळायला पळाला म्हणून उदयसिंहनं लहानपणी मार खाल्ला होता.

घोडं कुठं पेंड खातंय हे त्याला वायर खोचायच्या आधीच ठाऊक होतं. पेटीच्या पोटात डिस्कशी बोलणारा जो प्रोग्राम होता, तो त्याच्याच हातचा. आलेला माल तो आधी वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत उतरवून घ्यायचा, डिस्कवर नुसती नावं टाकायचा आणि आतलं लिहायचं काम मागच्या रांगेत लावून सवडीनं करायचा. त्यात वावगं काही नाही, सगळेच करतात. फक्त पूर्वी रांग रिकामी झाल्यावरच दिवा हिरवा व्हायचा. मग पुण्याच्या साहेबांना दुसऱ्यांच्या पेट्या चपळ वाटायला लागल्या, आणि उदयसिंहनं दिवा अलीकडं ओढला. माल मेमरीत आला की हिरवा. लिहिणं काय, मागनं होत राहील. पेटी वाऱ्यासारखी पळायला लागली आणि ह्याला बढती मिळाली.

तपासणीवरच्या अनुजानं तेव्हाच भर बैठकीत हरकत घेतली होती. झालं नसताना झालं म्हणायचं म्हणजे खोटंच बोलायचं की, म्हणाली. तेवढ्यात कुणी वीज बंद केली तर? दिवा लागल्या लागल्या बटण बंद करायला धावतंय कोण, असं उदयसिंह म्हणाला. आण्णांचा पोरगा असून म्हणाला. सगळे हसले.

"परत येतील का रं?" आण्णांनी विचारलं.

"न्हाय. गेली सगळी."

आण्णा हळूच खुर्चीवर टेकले. भिंतीवरच्या बटणाकडं बघत राहिले.

"मी बटण बंद केलं म्हणून व्हय?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य उदयसिंहच्या ओठांपर्यंत आलंही. त्यानं खाली बघून वायर गुंडाळायला घेतली.

"जरा थांबायला पाहिजे होतं आण्णा."

आण्णांनी मान डोलावली. शाळेत पोरांच्या चुकीला कधी माफी न दिलेला माणूस उठून खाटेपाशी गेला आणि बहिणीच्या पायांवर हात ठेवून उभा राहिला.

"माझ्या हातनं गेलं गं आक्का. माझंच चुकलं."

"व्हय," आक्का म्हणाली.

आण्णा तोंड धुवायला मोरीकडं गेले. नळाचा आवाज येत राहिला. थेंब वाया गेला तर ओरडणारे आण्णा, पण आज नळ बंद करायचं त्यांना सुधरत नव्हतं.

आजऱ्याच्या तांदळाची पेज थंड होत आली होती. वाटी घेऊन उदयसिंह खाटेच्या काठावर बसला, मोरीच्या दाराकडं एकदा बघितलं आणि आक्काच्या कानाशी वाकला.

"आत्ती, चूक माझी हाय. सांगतो की मी आण्णांना. आत्ता नको, मागनं सांगतो. चालंल न्हवं?"

तिला ऐकू चांगलं येत होतं. तिनं तोंड फिरवलं नाही, डोळेही मिटले नाहीत. नुसती बघत राहिली त्याच्याकडं. सगळ्या जगाला द्यायला एकच शब्द होता तिच्याजवळ, तो तिनं दिला नाही.