मंगळवारची तीन नावे

खांदेश्वरच्या विहारातील अभ्यासिकेत संगणक एकच होता आणि वापरणारी मुले बावीस. अभ्यासिका सांभाळणाऱ्या स्मिताताईंचा जन्म तळोज्याच्या कारखान्यात रासायनिक पृथक्करणे करण्यात गेला होता. मोघम काही त्यांना खपत नसे. म्हणून त्यांनी स्वतः रेघा आखून नोंदवही ठेवली होती: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

रविवारी सकाळी विहार समितीचे सितारामकाका संगणकाच्या पडद्यापुढे बसले होते. बातमीच्या शेजारी जाहिरात झळकत होती: पांढऱ्या डागांवर एकवीस दिवसांत हमखास उपाय. दुसरे पान उघडले, तिथेही तीच. काकांनी हातरुमालावर सॅनिटायझर ओतून कळफलक पुसायला घेतला.

"मॅडम, मंगळवारपासून हेच चाललंय. आपल्यातल्याच कुणाला तरी हाय हे. वही द्या जरा."

"कशाला?"

"बघतो ना, कोण बसलं होतं."

स्मिताताईंनी शांतपणे समजावले. संकेतस्थळ ब्राउझरमध्ये एक खूणचिठ्ठी ठेवते, तिला कुकी म्हणतात. निवडलेली वस्तू ऑनलाइन दुकानाच्या टोपलीत टिकावी, एवढ्यासाठी ती निघाली. मग जाहिरातवाल्यांनीही आपली चिठ्ठी त्यात सरकवली; कुणी एकदा काही शोधलं की त्याचीच जाहिरात पानोपानी मागे येते. "परक्याची चिठ्ठी विचारल्याशिवाय घेऊ नये, असं काही अभियंते तेव्हाच सांगत होते. ब्राउझरवाल्यांनी ऐकलं नाही. या यंत्राला बावीस मुलं मिळून एकच माणूस वाटतात. नाव त्याला ठाऊक नाही. आणि हे डाग स्पर्शाने होत नाहीत, काका."

"त्याला नाय ठाऊक, पण तुमच्या वहीला हाय," बाजूला उभे असलेले समितीचेच राजवर्धन म्हणाले. "मंगळवारी तीनच जण होते म्हणे. सोसायटीत पोरींची लग्नं व्हायचीत, मॅडम. आमी विचारलं तर काय चुकलं?"

जाहिरात कंपनी निदान पैशासाठी हुंगत होती. हे दोघे फुकट हुंगत होते. आणि कंपनीला जे साधले नव्हते ते स्मिताताईंच्याच सुवाच्य अक्षरात, वेळेसकट, तयार होते. तीन नावांत पायलचे एक होते. ती ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कुर्ते घाली.

त्यांनी कपाटातून वही काढली, मंगळवारचे पान फाडले आणि त्याचे बारीक तुकडे केले.

"हे बघा," राजवर्धन हसले. "फाडलं म्हणजे पोरगीच असणार."

हा निष्कर्ष तर्कदुष्ट होता. दुर्दैवाने तो बरोबरही होता.

दारात पायल उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिच्या हातात परीक्षेच्या अर्जाची कागदपत्रे होती.

"मीच होते, काका," ती म्हणाली. "अर्जाची आज शेवटची तारीख आहे. उठता का?"

सितारामकाका लगबगीने उठले. रिकामी खुर्ची त्यांनी पायाने तिच्याकडे ढकलली.