अकरा फुलांची भिंत

रोशनच्या छिन्नीखाली सिमेंटचं फूल सुटून आलं आणि त्याच्यामागे मडक्याचं तोंड दिसलं. त्यानं हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत राख होती.

तो मचाणावरून उतरला तो पुन्हा चढलाच नाही.

"काका, हे माह्याच्यानं होत नाई," तो मला म्हणाला. "दुसरा मानूस पाहा."

मनीषनगरातल्या आमच्या दत्तमंदिराच्या सभामंडपात, मागच्या भिंतीवर, हात पोचणार नाही अशा उंचीला ही अकरा फुलं तीस वर्षं होती. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीला बोटभर भोक. बायका त्याला हवेची जाळी म्हणत. हवा मात्र कधी आली नाही, कारण भिंत पलीकडून सपाट होती. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कोणी विचारलं नाही. दत्तजयंतीच्या सप्ताहाआधी तिथं चकचकीत फरशी लावायची म्हणून ती फुलं निघत होती.

समितीचा अध्यक्ष अमोल स्वतः मचाणावर चढला. दुपारपर्यंत त्यानं अकराही मडकी उतरवली आणि मंडपाच्या मधोमध मांडली. कशात चार बोटं राख, कशात निम्म्यापर्यंत. त्याची बायको कामिनी दारातच थांबली होती. दोन वेळा तिची कूस उजवता उजवता राहिली होती, हे मनीषनगरात सर्वांना ठाऊक होतं.

"काका, तिसऱ्या दिवशी अस्थी कशात भरून झाडाले टांगतेत?" अमोलनं विचारलं.

"मडक्यात."

"मंग हे काय आहे? करनीच न?"

मी वाकून चिमूटभर राख घेतली. बोटांत चोळली. लाकडाची राख खरखरीत असते, तीत कोळशाचे कण लागतात. ही गुळगुळीत होती, तोंडाला लावायच्या पावडरीसारखी. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षं राखेच्याच खात्यात काढली. ही आमची राख होती. डोळे मिटून सांगितलं असतं.

आणि ती इथं कोणी आणली, हेही मला माहीत होतं. मी आणली होती. मंडप बांधणाऱ्या नत्थू मिस्त्रीनं तेव्हा म्हटलं होतं, "ताराचंदभाऊ, तुमच्या तिथली दोन पोते राख भेटन का?" मी गेटवर न सांगता, स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणली. कशाला पाहिजे ते त्यानं सांगितलं नाही. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं, सिमेंटमध्ये मिसळत असेल. देवाच्या भिंतीत भेसळ, आणि तिला माल पुरवणारा मी. तेव्हापासून दर पावसाळ्यात कीर्तनाला बसलो की माझा एक डोळा महाराजांकडे आणि एक भिंतीकडे. पोपडा कधी धरला नाही. तरी संशय काही गेला नाही.

अमोल माझ्याजवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "मंदिर आपलं न मिस्त्री त्यायचा. तेव्हाच कोनीतरी इचार करायले पायजे होता."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नत्थू इंदोऱ्याचा. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षा घ्यायला गेलेला. मंडप झाल्यावर कितीतरी वर्षं तो कीर्तनाच्या संध्याकाळी यायचा आणि बाहेर निंबाखालच्या ओट्यावर बसायचा. मी एकदा आत बोलावलं, तर म्हणाला, "आमी देव मानत नाई, भाऊ. पन चांगला शब्द ऐकायले काय जाते?" बायको पार्वतीबाई गेली, तसं त्याचं येणं थांबलं.

अमोलनं त्याला बोलावणं धाडलं. चार वाजता तो नातीच्या, दीक्षाच्या गाडीवरून आला. पंचाहत्तरीचा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तोवर मंडपात वीसेक माणसं जमली होती.

"मिस्त्री, हे तुमचं काम आहे का?"

"माहंच आहे."

"मडकी काहून चिणली भितीत?"

"आवाजासाठी."

मागून कोणीतरी हसलं. अमोल हसला नाही. "आवाज काय पानी आहे का गा, मडक्यात भरायले?"

नत्थूनं मांडलेल्या मडक्यांकडे पाहिलं. एकाचा काठ उतरवताना फुटला होता. त्याची नजर तिथं जरा वेळ थांबली.

"न राख कोनाची आहे?"

"कोनाची नाई. राख आहे."

"आनली कुठून?"

तेव्हा नत्थूनं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, माणूस घड्याळाकडे पाहतो तेवढंच. मी समितीचा सचिव, खुर्चीवर बसलेलो. गेटवर न सांगता आणलेली पोती, तीस वर्षांचा संशय, दारात उभी असलेली कामिनी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी मांडीवरची सभेची वही चाळायला लागलो.

"मीच आनली होती," नत्थू म्हणाला. "फोडून टाका. जुनं काम आहे."

दीक्षा काही बोलणार होती. त्यानं तिच्या मनगटाला हात लावला, चपला घातल्या आणि गाडीवर बसला. त्या संध्याकाळी मडकी फोडून नाल्यात टाकली. भटजींनी भिंतीवर गोमूत्र शिंपडलं. पाच दिवसांत फरशी बसली. आरशासारखी. कामिनी मंडपात आली, तिनं भिंतीला हात लावून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला बघून मला वाटलं, झालं ते बरंच झालं.

सप्ताहाचं पहिलं कीर्तन सुरू झालं. महाराज काटोलकडचे, गोड गळ्याचे. नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला आणि मी मान वर केली. शब्द येत होता, पण एकटा येत नव्हता. त्याच्या पाठोपाठ दुसरा तोच शब्द भिंतीवरून येई आणि पुढच्या शब्दाच्या अंगावर पडे. झांज वाजली की पाच झांजा वाजल्यासारख्या. अमोलनं माईक वाढवला, तसा आणखी गलका झाला.

रुखमाबाई पंच्याऐंशीच्या. गुडघ्यांमुळे मागच्या भिंतीला टेकूनच बसतात. नवरा गेला त्याच्या चौदाव्या दिवशीही त्या कीर्तन सोडून उठल्या नव्हत्या. या कीर्तनात मात्र त्यांनी शेजारणीला विचारलं, "काय म्हनून रायले वं महाराज?"

"समजूनच नाई रायलं, आजी."

"माहे कानच गेले वाट्टे," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या. उत्तररंग लागायच्या आत घरी गेल्या.

मला रात्रभर तेच दिसत राहिलं. सकाळी मी इंदोऱ्याला गेलो. नत्थू अंगणात ऊन खात बसला होता. त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

"मिस्त्री, कालचं कीर्तन..."

"शब्द वापस येत असन," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"स्लॅब पडला तेव्हाबी येच. कामठीचे माहे उस्ताद म्हनत, मडकं आवाज पेते, पन किती पेते ते राख ठरवते. पार्वती मूर्तीच्या जागी उभी राहे न टाळी मारे. मी मचानावर. टाळी वापस आली की मी एक मूठ टाको. जास्त झाली की काढो. आठ दिवस तिनं टाळ्या मारल्या. हात सुजले तिचे. मूर्ती बसाच्या आधीची गोष्ट आहे ते. मंग तिले तिथं कोनं उभं राहू देल्लं असतं?"

"मले वाटलं होतं, तुमी सिमेंटात मिसळली."

"मालूम आहे. पावसाळ्यात तुमी महाराजायले कमी न भितीले जास्त पाहा. बाहेरून दिसे मले." तो हसला. "नाई मिसळली, भाऊ."

"त्या दिवशी माझं नाव काहून नाई घेतलं?"

"घेतलं असतं न तुमी नाई म्हटलं असतं, तं?" तो म्हणाला. "मंग दोघायची इज्जत गेली असती. एकाचीच गेली, पुरलं."

दीक्षानं चहा आणून ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"परत करता येईल का?" मी विचारलं.

"मडके भेटतीन," नत्थू म्हणाला. आपल्या तळहातांकडे बघत राहिला. "टाळी कोन मारन?"

संध्याकाळी मंडप भरला. रुखमाबाईंना मी स्वतः जाऊन घेऊन आलो होतो. महाराज अजून फेटा बांधत होते. मी अमोलच्या हातातून माईक घेतला आणि मूर्तीपुढे, पार्वतीबाई उभी राहायची त्या जागेपाशी उभा राहिलो.

"मंडळी, त्या मडक्यांतली राख खापरखेड्याची होती," मी म्हणालो. "मी आणली होती, स्कूटरवर. करणी नव्हती. नत्थू मिस्त्रीनं आणि त्याच्या बायकोनं ती मडकी आपल्याला शब्द ऐकू यावा म्हणून बसवली होती. अमोल विचारत होता तेव्हा... आपण विचारत होतो तेव्हा मी गप्प बसलो."

माझाच शब्द त्या चकचकीत भिंतीवर आपटून परत येत होता आणि पुढच्या शब्दावर चढत होता. राख, राख, राख. कोणी मान डोलावली, कोणी शेजाऱ्याकडे बघितलं. अमोलनं माझ्याकडे पाहून ऐकू येत नाही म्हणून कानामागे हात धरला. सर्वांत मागून रुखमाबाईंचा आवाज आला.

"काय म्हनून रायला गा तारा? समजलं नाई."

मी माईक बंद केला. खाली ठेवला. पहिल्या रांगेत डाव्या टोकाला कामिनी बसली होती. मी तिच्यापुढे मांडी घालून बसलो आणि तिला सगळं सांगायला सुरुवात केली. ते झाल्यावर तिच्या शेजारणीला सांगितलं. फेटा बांधून झालेले महाराज झांज मांडीवर ठेवून थांबले होते, आणि मागच्या भिंतीपर्यंत अजून चौदा रांगा होत्या.