आक्काची भूक

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात वेणी घालायला आक्का हात वर करी, तेव्हा तिच्या काचेच्या बांगड्या मनगटावरून निसटून थेट कोपरापाशी येऊन थांबत, आणि त्या क्षीण किणकिणीने भाकरी थापणारी माय दचके. दापोडीच्या आमच्या चाळीला रुळांवरच्या खडखडाटाची सवय होती. या आवाजाची मात्र मायला कधीच झाली नाही.

दुष्काळात रानातले गवती बी शिजवून खाल्लेली माय मराठवाड्यातून इकडे आली ती लेकरांच्या पोटासाठी. बाबांना कंपनीत काम लागले, डबे धान्याने भरले, आणि नेमकी त्या भरल्या घरात सतरा वर्षांची आक्का जेवेनाशी झाली. वर्गात कुणीतरी तिला गुबगुबीत म्हटले, एवढेच निमित्त. आधी भात सुटला, मग भाकरी. आमच्यासाठी मात्र ती हौसेने शिरा करी, मी खाताना एकटक बघत बसे. आणि मी, तिची धाकटी बहीण, मिटक्या मारत तो संपवी.

"काय कमी केलं गं म्या तुला?" माय विचारी.

"भूकच नाही गं माय. खरंच नाही."

एकदा मायने तिच्या थोबाडीत मारली. कुणी बाहेरची बाधा म्हणाले, कुणी नखरे. शेवटी बाबांनी तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाई मायला म्हणाल्या, "हा हट्ट नाही, बाई, आणि तुमची चूकही नाही. भूक लागली, पोट भरलं, हे निरोप मेंदूत काही रसायनं पोचवतात. हिच्यात ते बिघडलेत. उपासानं आणखी बिघडतात. आम्हांलाही अजून पुरतं कळलेलं नाही."

"मंग त्ये रसायन भाकरीत घालता येत न्हाई का?"

बाईंनी खुर्ची मायजवळ ओढली. मग म्हणाल्या, "सध्या अन्न हेच औषध. थोडं थोडं द्या."

त्या दिवसापासून माय ओरडली नाही. आक्काचा हात हातात घेऊन ती चमच्याचमच्याने पेज भरवी, आणि आक्का डोळे मिटून, जणू निखारा गिळावा तशी, केवळ मायसाठी ती गिळी. गालांवर किंचित रंगही परतला होता. पण झिजलेल्या हृदयासाठी उशीर झाला होता. श्रावणातल्या एका शांत दुपारी, मायच्या मांडीवर, ते थांबले.

त्यानंतर मायने कुणालाही जेवायचा आग्रह केला नाही.

काळ मला पुढे नेत राहिला, आक्का सतराचीच राहिली. आता तिला मनात हाक मारते तेव्हा ओठांवर 'आक्का' येते, आणि समोर उभी राहते ती माझ्या लेकीच्या वयाची, कुणीच वाचवू न शकलेली एक पोर.