ओले रान

येत्या शनिवारी सगळा कारभार चिरंजीवांच्या हाती सोपवायचा आणि आपण अंग टाकायचे, असे मी ठरवून टाकले होते. यजमान गेल्यानंतर लाकडाची गिरणी, ट्रक आणि टेकडीपासून ओढ्यापर्यंतचे रान मी एकटीने सांभाळले. आता गुडघे जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कुरकुर करतात, आणि कोणी कामाचे विचारायला आले की उत्तराआधी सुस्कारा बाहेर पडतो. थकलो असे माणसाने कबूल करू नये, अशा मताची मी. पण थकवा काही कोणाची परवानगी घेऊन येत नाही.

सकाळी मी गिरणीच्या कचेरीत चहा घेत बसले होते. रानातून ओंडके ओढून आणणारे यंत्र चालवणारा दारात येऊन उभा राहिला. त्याला आम्ही सगळे मुका म्हणतो, कारण त्याचे तोंड कधी बंद नसते. त्या दिवशी मात्र तो कमरेपर्यंत चिखलाने माखलेला होता आणि बोलत नव्हता.

"काय रे, जीभ कुठे ठेवून आलास?"

"बाई, मशीन बसलं."

"कुठे?"

"ओल्यात."

मी कप खाली ठेवला.

आमच्या रानाचा खालचा भाग वर्षातले बरेच महिने पाण्यात उभा असतो. तिथली झाडे बुंध्याशी फुगलेली, मुळे गुडघे वर काढून बसल्यासारखी. पाणी दिसायला काळे. पण पालापाचोळ्यातून झिरपत ते ओढ्याला मिळते तेव्हा काचेसारखे स्वच्छ असते. वरचे सगळे आटले तरी ओढा वाहता राहतो तो या ओल्या जागेच्या जिवावर, आणि खालची वस्ती तेच पाणी पिते. म्हणून त्यातले झाड तोडायचे नाही, काठाच्या पट्ट्यातलेही नाही. काठाजवळून यंत्र न्यायचेच झाले, तर तोडलेल्या झाडांच्या फांद्या आधी वाटेवर जाड अंथरायच्या. वजन पसरते आणि जमीन फाटत नाही. हा शिरस्ता गिरणीतल्या मांजरालाही ठाऊक होता.

सूनबाईने गाडी काढली, मुका भुशाची पोती घेऊन मागे बसला. वाटेत मी विचारले, "फांद्या अंथरल्या नव्हत्या?"

"फांद्या बॉयलरवाला जळणाला घेऊन गेला, आई. तुमच्या चिरंजीवांनी दिल्या."

"माझे चिरंजीव? लग्न तू केलंस."

"माल तुमच्याकडचाच होता. परत घ्या म्हणून दोनदा सांगून झालं."

एरवी मी हसले असते.

यंत्र पोटापर्यंत रुतले होते आणि एका अंगाला कलंडले होते. कुठलीशी नळी फाटली होती. काळ्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग हळूहळू पसरत होता. मुक्याने गाडीतून उतरताच भुशाची पोती सोडून तवंगावर भुसा पसरायला सुरुवात केली. चिरंजीव काठावर उभे होते, हातात करवत.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "तवंग बघतेस ना? संध्याकाळपर्यंत हे निघालं नाही तर पूर्ण आडवं होईल आणि टाकीतलं सगळं तेल पाण्यात जाईल. काठावरची एवढी झाडं पाडतो, खाली घालतो, दुसऱ्या मशीननं ओढतो. पाणी वाचवायचं तर झाडं द्यावी लागतील, आई."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच मला अधिक थकवा आला. निव्वळ मूर्खपणाला दटावता येते. हे तसे नव्हते. आधी चूक करायची आणि मग तिच्यातून निघणारा सर्वांत सोपा मार्ग शहाणपणाच्या सुरात सांगायचा, अशी ती तऱ्हा होती.

"करवत खाली ठेव."

"मग खाली घालू काय? माझं डोकं?"

"ते एवढं वजन पेलणार नाही. गिरणीतल्या तुळया आण."

मुका भुसा टाकायचा थांबला. त्या तुळया एका सभागृहाच्या छतासाठी होत्या. वर्षानुवर्षे सावलीत वाळवलेल्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या.

"आई, छताला उघड्या दिसणार आहेत त्या!"

"आता चिखलात दिसतील."

"गिऱ्हाईक तुटेल."

"गिऱ्हाईक दुसरं मिळेल. हा काठ मला कुठली गिरणी चिरून देणार आहे?"

तो करवत ठेवून ट्रककडे गेला.

दिवसभर मी घडीच्या खुर्चीवर बसून सूचना देत राहिले. माणसांनी तुळया खांद्यावरून आणल्या आणि यंत्रापासून कोरड्या जमिनीपर्यंत एकीला एक लावून आडव्या घातल्या. दोर बांधायचा तो काठापासून दूरच्या दुसऱ्या यंत्राला, झाडाला नाही, एवढे मला तीनदा ओरडून सांगावे लागले. मुक्याची वाचा परत आली होती. तो यंत्राशी, दोराशी, स्वतःच्या बुटांशी बोलत होता. उन्हे कलली तेव्हा यंत्र हलले. लोखंडी पट्टे तुळयांवर चढले आणि ते तासलेले लाकूड करकरून फुटू लागले. मी तिकडे पाहिले नाही. यंत्र गेले तिथे एक मोठा खड्डा उरला, आणि त्यात पाणी भरू लागले.

चिरंजीव माझ्यासमोरच सभागृहवाल्यांशी फोनवर बोलला. "नाही, ड्रायव्हरची चूक नाही. माझी आहे," असे त्याने स्पष्ट सांगितले. मला बरे वाटले. चेहऱ्यावर मी ते दिसू दिले नाही. मग तो माझ्या खुर्चीशेजारी खाली बसला.

"शनिवारचं रद्द का?"

नाही, असे मी म्हणणार होते. शब्द ओठांवर होता.

"आणि हे बघ," तो पुढे म्हणाला, "पुढच्या वेळी बॉयलरवाल्याला अर्ध्याच फांद्या देतो."

"अर्ध्या."

"सगळ्या नाही म्हणतोय ना! जिथे फारच ओलं असेल तिथे अंथरू. थोडं जमवून घ्यावं लागतं, आई."

मुलगा वाईट नाही. जमवून घेण्याच्या त्याच्या स्वभावावर गिरणी माझ्या हातून चालली त्याहून चांगली चालेल, हे मला कळत होते. पण ओली जमीन घासाघीस करत नाही. ती बोलतच नाही, नुसती खचते.

"शनिवारी गिरणी तुझी," मी म्हणाले. "ट्रक तुझे, वरचं रान तुझं. ओलं रान आणि त्याचा काठ माझ्याकडे राहील. तिथे मशीन न्यायचं, फांदी उचलायची, झाडाला हात लावायचा, तर मला विचारायचं."

"किती दिवस?"

"मला उभं राहता येईल तोवर."

"मग मी मालक कसला?"

"कोरड्याचा," सूनबाई म्हणाली.

तो हसला नाही. उठला, आणि फुटलेल्या तुळया गोळा करणाऱ्यांत जाऊन मिसळला. शनिवारनंतर उशिरापर्यंत झोपायचे, असे मी किती दिवस मनात घोळवत होते. आता दर ओल्या मोसमात या चिखलात येणे आले.

खड्ड्यापासून वरच्या बाजूला, जमीन पावलाखाली दबत नाही तिथून, यापुढे यंत्र आणायचे नाही हे सांगणाऱ्या हद्दीच्या फिती झाडांना नव्याने बांधायला हव्या होत्या. मी सूनबाईला फितीचे रीळ मागितले.

"उद्या बांधू ना, आई. तुम्हाला धड चालवत नाहीये."

"उद्या उठवेल मला, याचा काय भरवसा?" मी म्हणाले. "हात दे."

तिने हात दिला. पहिली गाठ मी मारली, दुसरी तिला मारायला लावली, आणि ती सैल होती म्हणून सोडून पुन्हा मारायला लावली.