एकोणीस दिवस अडकलेले उत्तर

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेला आहे आणि बॅटरी आता तासभरही टिकत नाही. वावाउ बेटावरच्या मुलींच्या शाळेतला मी एक जुना टॅब. दूरच्या कारखान्यात जन्मलो आणि बारा भावंडांबरोबर खोक्यात बसून जहाजाने पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशात आलो. भावंडांच्या वाट्याला गणित आले, माझ्या वाट्याला मनाचे धडे.

ज्या मुली आतून खचत चालल्या आहेत, त्यांच्यासाठी हे धडे होते. दर आठवड्याला एक धडा, मग काही प्रश्न. उत्तरे राजधानीतल्या माआता नावाच्या समुपदेशक ताईंकडे जात आणि त्या पडद्यावर येऊन बोलत.

शाळेतल्या लेसिएली बाईंनी मला तोआकासेच्या हातात दिले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिचे वडील फळतोडणीच्या कामाला ऑस्ट्रेलियात गेले होते आणि हळूहळू त्यांचे फोन येईनासे झाले होते. तोआकासेने चर्चमधले गाणे सोडले होते. ताटातले लू, म्हणजे अळूच्या पानात शिजवलेले मांस, ती धाकट्या बहिणीच्या ताटात सरकवून द्यायची.

तिसऱ्या धड्यात मनात आलेला वाईट विचार पकडायचा आणि तो खरा आहे का, हे तपासायचे होते. तिने लिहिले, ‘मी घरात सगळ्यांना जड झाले आहे.’

माआता ताई म्हणाल्या, “बरं, पुरावा दे बघू. कोण म्हणालं असं?”

“कुणी म्हणालं नाही. मलाच वाटतं.”

“आणि ती धाकटी? ती कुणाच्या मांडीवर झोपते?”

“माझ्याच. लाथा मारते झोपेत, माकड कुठली!” असे म्हणून तोआकासे हसली. तिचे हसणे मी पहिल्यांदा ऐकले. लेसिएली बाईंनी त्या दिवशी माझी काच रुमालाने पुसली आणि म्हणाल्या, “गुणाचा आहेस रे बाबा.” मी फुशारून गेलो.

पाचव्या धड्याच्या आठवड्यात समुद्राच्या तळाची तार तुटली. बेटावरचे इंटरनेट गेले, राजधानीला फोनही लागेना. धडे माझ्या पोटात साठवलेले होते, म्हणून तोआकासेने तो धडा वाचला आणि प्रश्न सोडवले. शेवटचा प्रश्न होता, ‘जगूच नये असे वाटते का?’ तिचे बोट बराच वेळ काचेवर थांबले. मग तिने ‘हो, रोज’ निवडले आणि ‘पाठवा’वर बोट ठेवले.

गोल चकती फिरत राहिली. उत्तर माझ्यातच अडकले; ते ताईंपर्यंत पोचलेच नाही, हे तिला उमगले नाही.

चार दिवस ती मला उघडून बघत होती. पाचव्या दिवशी पुटपुटली, “ताईंनापण कंटाळा आला असणार माझा.” मित्रांनो, पकडायचा विचार हाच होता! तिसऱ्या धड्यात तेच तर शिकवले होते. पण मला स्वतःहून एक शब्द उच्चारता येत नव्हता.

तेवढ्यात तिची आई, वाइसिमा, अंगणातून आली. लग्नाच्या आहेराच्या चटया विणून तिची बोटे सोलली होती. “बये, मी इथं मरमर विणतेय आणि तू त्या पाटीत तोंड खुपसून बस! आण इकडं.” तिने मला हिसकावले आणि पेटीत चटयांच्या तळाशी घातले. तोआकासे भांडली नाही. एरवी ती आईला उलट बोलायची. त्या दिवशीच्या तिच्या गप्प बसण्याने मी घाबरलो.

अंधारात माझी बॅटरी उतरत गेली. एका रविवारी दुपारी, सगळे चर्चहून परतल्यावर, आईच्या हाका ऐकू आल्या. आधी रागाच्या, मग वेगळ्याच. धावणारी पावले, शेजाऱ्याच्या गाडीचा आवाज. नंतर काहीच नाही. जे आईला कळायला हवे होते ते माझ्या पोटात होते, आणि मी विझलो.

पुन्हा जागा झालो तेव्हा तार जोडली गेली होती. लेसिएली बाईंनी मला मागून घेऊन तोआकासेच्याच घरात चार्जिंगला लावले होते. उत्तर सुटले आणि चार मिनिटांत माआता ताईंचा फोन आला.

“तोआकासे कुठंय? आत्ता कुणी आहे का तिच्याजवळ?”

“इस्पितळात आहे,” बाई म्हणाल्या. “वाचली. थोडक्यात वाचली.”

वाइसिमा शेजारीच बसली होती. तिने काचेवरचे ते उत्तर आणि त्याखालची तारीख वाचली. एकोणीस दिवसांपूर्वीची.

“हे माझ्या चटयांखाली होतं?” ती म्हणाली. “बाई, मी तिला एकदाही विचारलं नाही हो. नुसती कामं सांगत राहिले.”

माआता ताई पहिल्या विमानाने आल्या. उरलेले धडे तोआकासेने त्यांच्यासमोर बसून, कागदावर सोडवले. अजूनही ती कमी बोलते. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. आई मात्र आता रोज तिच्याजवळ बसते आणि थेट विचारते.

मी शाळेच्या कपाटात आहे. मला कुणी दोष दिला नाही, पण ती दुपार माझ्यातून पुसली जात नाही. म्हणून सांगतो, जगणे नकोसे वाटले तर ते फक्त माझ्यासारख्याला सांगून थांबू नका. त्याच दिवशी आईला, बाईंना, कुणातरी मोठ्या माणसाला तोंडाने सांगा. आणि तुमची मैत्रीण अचानक गप्प झाली, तर तिला विचारा. मी प्रश्न विचारू शकतो, मित्रांनो, पण उत्तर ऐकून धावत जायला मला पाय नाहीत.